कूपरेजचे मैदान

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या दक्षिणेस फुटबॉलचे एक छोटेखानी मैदान आहे. शहरातील बहुतेक जुन्या जागांना गव्हर्नरांची, देवदेवतांची किंवा दानशूर शेटजींची नावे लाभली. या जागेचे नाव मात्र पिपांवरून पडले. लाकडी फळ्यांना लोखंडी पट्ट्यांनी आवळून पिपे बनविणाऱ्या कारागिराला इंग्रजीत कूपर म्हणतात आणि त्याच्या कारखान्याला कूपरेज. शिडांच्या जहाजांच्या काळी खलाशांचे पिण्याचे पाणी, दारू आणि खारवलेले मांस या पिपांतूनच समुद्रावर जात असे. अठराव्या शतकात आरमाराच्या जहाजांसाठी मांस खारवून पिपांत भरण्याचे काम मुंबईच्या किल्ल्याच्या दक्षिण अंगाला चाले, आणि त्याच्या दुर्गंधीने आसपासचे व्यापारी इतके हैराण झाले की त्यांनी सरकारदरबारी तक्रार गुदरली. पुढे आगबोटी आल्या, पिपे गेली, कारखानाही गेला. नाव तेवढे जमिनीला चिकटून राहिले. ज्या मैदानावर भारतीय फुटबॉलचे काही अत्यंत वैभवाचे दिवस उगवले आणि मावळले, त्याची पहिली नोंद अशी नाकाला रुमाल लावून करावी लागते.

या मैदानाचा इतिहास समजावयाचा तर ते मोकळे कसे राहिले, हे आधी पाहिले पाहिजे. मुंबईसारख्या शहरात, जेथे समुद्र बुजवून माणसांनी जमीन केली, तेथे एवढी जागा इमारतींवाचून राहणे हा अपघात नव्हे. किल्ल्यावर चालून येणाऱ्या शत्रूला आडोसा मिळू नये, तोफांच्या माऱ्यापुढे मोकळे रान असावे, एवढ्याच हेतूने तटाबाहेरचे हे एस्प्लनेड राखलेले होते. १८०३ च्या फेब्रुवारीत किल्ल्याच्या आत मोठी आग लागली आणि वस्तीचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतर तटाबाहेरची जागा अधिकच कसोशीने मोकळी ठेवण्यात आली. ज्या शत्रूसाठी ही तजवीज, तो कधी आलाच नाही. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, तट पाडण्यात आले. तटामागून मुंबईची नवी दगडी शोभा उभी राहिली आणि तटापुढचे रान हवा खाण्याच्या कामी आले. कूपरेजजवळच १८६७ साली बँडस्टँड बांधला गेला. संध्याकाळी तेथे पलटणीचा बँड वाजे आणि साहेब लोकांच्या गाड्या सभोवार उभ्या राहत. पश्चिमेकडून बॉम्बे बरोडा रेल्वेचे रूळ कुलाब्याच्या स्थानकाकडे जात. ते स्थानक १९३० च्या अखेरीस बंद झाले आणि गाड्या चर्चगेटलाच थांबू लागल्या. रुळांपलीकडे समुद्र होता, तोही पुढे भराव पडून दूर सरला. आज मैदानावरून समुद्राचा वारा तेवढा येतो, दर्शन होत नाही.

मोकळी जमीन आली की ती कोणाची, हा प्रश्न आपोआप येतो. या एस्प्लनेडवर तो पहिल्याने क्रिकेटच्या निमित्ताने उठला. पारशी आणि हिंदू तरुण ज्या जागेवर क्रिकेट खेळत, त्याच जागेवर युरोपियन लोक पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडून निघे आणि दुसऱ्या दिवशी तेथे चेंडूची उसळी सांगता येईनाशी होई. १८८० च्या आसपास हे प्रकरण अर्जविनंत्यांवर गेले. हुकूम निघाले, ते फिरले, पुन्हा अर्ज झाले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने ही सारी हकीकत १८९७ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात मोठ्या चिकाटीने नोंदवून ठेवली आहे. ती वाचताना मौज वाटते आणि विषादही वाटतो. ज्यांच्या हाती राज्य होते त्यांना खेळण्यास आपली जिमखान्याची जागा असताना, एतद्देशीयांच्या वाट्याची जागाही त्यांना हवी होती. अखेरीस सरकारने जो तोडगा काढला तो त्या काळाला साजेसाच होता. केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या बाजूला, पारशांना १८८७ साली आणि त्यानंतरच्या दशकात मुसलमानांना व हिंदूंना जिमखान्यांसाठी वेगवेगळ्या जागा देण्यात आल्या. क्रिकेटला अशा रीतीने जातवार वाटून दिलेली घरे मिळाली, आणि जातवार सामन्यांची जी परंपरा त्यातून वाढली ती १९४६ पर्यंत चालली.

फुटबॉलच्या वाट्याला असे काही आले नाही. तो खेळ मुंबईत पलटणींबरोबर आला, आणि पलटणींना कायमचे घर नसते. त्यांचा मुक्काम हलला की संघही हलत असे. १८९१ साली रोव्हर्स कप या स्पर्धेचा प्रारंभ झाला. सिमल्याचा ड्यूरँड कप तीन वर्षांनी वडील, कलकत्त्याची शील्ड दोन वर्षांनी धाकटी. पहिल्या वर्षी हा चषक वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकला, आणि त्यानंतरची ४५ वर्षे तो गोऱ्या सैनिकांच्याच हाती राहिला. १९०२ साली बॉम्बे फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९११ साली रोव्हर्सची व्यवस्था पाहणारी मंडळी आणि ही असोसिएशन एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन निर्माण झाली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २–१ असा पराभव करून शील्ड जिंकली आणि साऱ्या बंगालला आनंदाचे भरते आले. मुंबईत त्या वर्षी घटना लिहिल्या जात होत्या, कमिट्या नेमल्या जात होत्या. दोन शहरांच्या फुटबॉलमधला भेद या एका वर्षात पुरेपूर दिसतो. कलकत्त्याला संघ आधी लाभला, मुंबईला संघटना आधी लाभली.

हिंदी संघांना रोव्हर्सची दारे उघडण्यास वेळ लागला. १९२३ साली मोहन बागान मुंबईस येऊन अंतिम सामन्यापर्यंत पोचले. परंतु डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४–१ असे हरविले. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने चषक जिंकला. हिंदी संघाने मिळविलेला तो पहिलाच विजय. पुढच्या वर्षीही तोच संघ विजयी झाला, आणि १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने चषक नेला. या यादीत मुंबईच्या संघाचे नाव शोधू गेल्यास ते सापडत नाही. मैदान मुंबईचे, प्रेक्षक मुंबईचे, व्यवस्था मुंबईची. आणि चषक मात्र बोरीबंदरावरून गाडीत बसून परगावी जात असे.

असे असूनही कूपरेजवर लोक येत, आणि मोठ्या संख्येने येत. मुंबईत फुटबॉलचा हंगाम पावसाळ्याचा. क्रिकेटच्या खेळपट्ट्या चिखलात बुडाल्या की फुटबॉलचा चेंडू बाहेर निघे. छत्र्या मिटून एकमेकांच्या आधाराने उभे असलेले लोक, पायांखाली पाणी, आणि समोर चिखलाने माखून ओळखू न येणारे २२ खेळाडू, असा तो देखावा असे. त्या वेळी पुष्कळ हिंदी खेळाडू अनवाणी खेळत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय संघातले बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले होते आणि फ्रान्सकडून २–१ अशा निसटत्या फरकाने हरले होते. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने १०–१ असा धुव्वा उडविला, तेव्हा बुटांचा आग्रह धरावाच लागला. प्रेक्षकांत कचेऱ्या सुटल्यावर आलेले कारकून असत, गोदीतले कामगार असत, गिरणगावातून ट्रॅमने आलेले लोक असत, आणि धोबीतलावच्या कुडांतून राहणारे गोमंतकीय असत. या गोमंतकीयांना फुटबॉलचे वेड किती, हे सांगण्याची गरज नाही. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत मुंबईत थांबलेला खलाशी, हॉटेलातला आचारी, बँडमधला व्हायोलिनवाला हे सगळे एकाच कठड्याला रेलून उभे राहत. चित्रपटसृष्टीतली मंडळीही येत. दिलीपकुमार यांचे फुटबॉलप्रेम प्रसिद्धच आहे. पडद्यावर खलनायक रंगविणारे प्राण यांनी तर डायनामोज नावाचा एक फुटबॉल संघच चालविला होता. अशा गर्दीत कोण कोणत्या जातीचा, हे विचारावयास सवड कोणाला होती? जिमखान्यांच्या रांगेत जे घडले नाही ते या कठड्यापाशी सहज घडत होते, आणि त्याची वाच्यता करण्याची कोणाला गरजही वाटत नव्हती.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले दशक हा या मैदानाचा ऐन बहराचा काळ. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलीस या संघाने जिंकला. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. खेळाडूंना धाकात ठेवण्यापेक्षा त्यांना विचार करावयास लावणारा हा माणूस होता. लहान लहान पासांनी चेंडू जमिनीलगत ठेवून, वेळ येताच एकाएकी वेग वाढवावयाचा, ही त्यांची पद्धत कूपरेजच्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिली. घरच्या संघाला हरविणाऱ्या पाहुण्या संघावर एखाद्या शहराने इतका जीव लावल्याची उदाहरणे थोडी असतील. पुढे रहीम हेच राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाले, १९५६ साली मेलबोर्नला भारताला चौथे स्थान मिळाले आणि १९६२ साली जाकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर वर्षभरातच, १९६३ च्या जूनमध्ये, त्यांचे निधन झाले.

मेलबोर्नच्या त्या संघात कूपरेजचे दोन खेळाडू होते. गोलरक्षक एस. एस. नारायण यांचे मूळ गाव केरळातले, पण वाढले ते मुंबईच्या माटुंग्यात. दुसरे नेव्हिल डिसोझा. १९३२ साली गोव्याच्या आसगाव येथे जन्मलेला हा तरुण मुंबईत टाटांच्या आणि नंतर कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ४–२ असा विजय मिळविला, त्यातले तीन गोल नेव्हिल यांचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला, परंतु तो सामना भारत ४–१ असा हरला. दोन वर्षांनी, १९५८ साली, कॅलटेक्सच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला. परगावी जाणारा चषक अखेर मुंबईत राहिला.

नेमक्या याच ठिकाणी थोडे थांबून विचार केला पाहिजे. चषक मुंबईत राहिला म्हणजे कोणाकडे राहिला? एका तेल कंपनीच्या कचेरीत. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र, राष्ट्रीय केमिकल्स, रेल्वे, गोदी आणि बँका यांनी मुंबईचा फुटबॉल पोसला, हे निर्विवाद आहे. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळे. सकाळी हजेरी मांडली की दुपारी सरावाला जाण्याची मुभा असे, आणि गुडघा कायमचा दुखावला तरी टेबल-खुर्ची सुटत नसे. घरची गरिबी असलेल्या शेकडो मुलांना या व्यवस्थेने भाकरी दिली आणि निवृत्तिवेतनही दिले. तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु अशा संघाला गाव नसते, पेठ नसते, वर्गणीदार नसतो. त्याचे आयुष्य कंपनीच्या हिशेबवहीतल्या एका रकमेवर अवलंबून असते, आणि ती रक्कम खोडण्यास एक सही पुरते.

कलकत्त्याकडे पाहावे. तेथल्या मैदानाची जमीन लष्कराच्या ताब्यातली, म्हणजे मोहन बागान किंवा ईस्ट बंगालला तिच्यावर मालकी अशी कधीच नव्हती. तरी त्यांचे तंबू, त्यांचे कुंपण आणि त्यांचे सभासद पिढ्यान्पिढ्या तेथे आहेत. कोल्हापूरकडे पाहावे. तेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावेच मुळी तालमींची आहेत. सगळ्यांना मिळून शाहू स्टेडियम हे एकच मैदान. एका संघाचे घर ते त्याच्या कट्टर वैऱ्याचेही घर. पण सामन्याच्या दिवशी पेठेची पेठ तेथे लोटते, आणि उद्या एखाद्या तालमीचा संघ मोडावयाचा म्हटले तर पेठ तसे होऊ देणार नाही. या उत्कटतेची किंमत मारामारीच्या रूपाने कोल्हापूरला अधूनमधून मोजावी लागते, हेही खरे. कूपरेजला अशी पेठ कधी मिळाली नाही. जमीन सार्वजनिक, असोसिएशन तिची भाडेकरी, आणि संघ त्या भाडेकरूचे पाहुणे, अशी ही तीन पदरी व्यवस्था होती. यातला प्रत्येक जण मैदानाला आपले म्हणे, आणि प्रसंग पडला की प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखविता येई.

प्रसंग पुढे पडलाच. गिरण्यांचा धंदा बसला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव पूर्ववत झाले नाही, आणि कापडधंद्यातले फुटबॉल संघ एकेक करून मागे पडले. दूरदर्शनवर परदेशी सामने दिसू लागले, तेव्हा चिखलातला खेळ पाहण्यास येणारी माणसे आटली. रोव्हर्स कपची २०००–०१ सालची स्पर्धा मोहन बागानने जिंकली, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांच्या त्या परंपरेत खंड पडला. मात्र एक संघ याच काळात उगवतीला होता. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासूनचा; २००० साली त्याने महिंद्र युनायटेड असे नाव धारण केले. १९९८ आणि २००१ साली ड्यूरँड कप, २००३ साली फेडरेशन कप अशी चढती कमान होती. २००५–०६ च्या हंगामात तर या संघाने फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग दोन्ही जिंकले. मुंबईचा संघ देशाचा लीगविजेता होण्याची ती पहिलीच वेळ, आणि कूपरेज हे त्याचे घर.

चार वर्षांनी, २०१० साली, कंपनीने संघ बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. शालेय मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देण्याचा तिचा मानस होता, आणि तो वाईट होता असे म्हणता येणार नाही. परंतु देशाचा एक माजी विजेता संघ हंगाम संपताच नाहीसा झाला आणि शहरात त्यासाठी एक मोर्चाही निघाला नाही. मोर्चा काढणार कोण? संघाला चाहते होते, पण सभासद नव्हते.

मैदानाचीही तीच गत झाली. राष्ट्रीय लीगसाठी जी सोय हवी ती कूपरेजवर उरली नव्हती, म्हणून एअर इंडिया आणि २००७ साली स्थापन झालेला मुंबई एफसी या संघांना आपले घरचे सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. दीडशे किलोमीटर प्रवास करून, घाट चढून, दुसऱ्याच शहरात 'घरचा' सामना खेळावयाचा, ही परिस्थिती कोणा विनोदी लेखकाला सुचली असती तर ती अतिशयोक्ती ठरली असती. १९५२ पासून खेळत असलेला एअर इंडियाचा संघ २०१३ साली लीगमधून वगळला गेला. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी पाळणे त्याला शक्य झाले नाही. संघ हा स्वतंत्र क्लब असावा, त्याला स्वतःचे मैदान व स्वतःची मुलांची शाखा असावी, अशा त्या अटी होत्या. ज्या व्यवस्थेने मुंबईचा फुटबॉल साठ वर्षे जगविला, तीच आता नियमबाह्य ठरली.

दरम्यान कूपरेजवर जागतिक फुटबॉल महासंघाच्या साह्याने कृत्रिम हिरवळ अंथरली गेली. पावसाळ्यातला चिखल इतिहासजमा झाला. मुंबई एफसी काही हंगाम घरी परतला. २०१७ साली लीगच्या तळाशी जाऊन तो खाली उतरला आणि पुन्हा दिसला नाही. २०१४ साली स्थापन झालेल्या मुंबई सिटी या नव्या व्यावसायिक संघाचा मुक्काम अंधेरीच्या क्रीडासंकुलात आहे. सुमारे पाच हजार प्रेक्षकांचे कूपरेज त्याला अपुरे पडते.

तरी मैदान रिकामे नाही. जिल्हा संघटनेचे लीग सामने तेथे होतात, आणि त्यात कंपन्यांच्या संघांबरोबर उपनगरांतले छोटे क्लबही उतरतात. या क्लबांना नोकरी देता येत नाही. ते मुलांकडून फी घेतात, वर्गणी गोळा करतात, बसभाड्याचा हिशेब ठेवतात. सामना पाहण्यास खेळाडूंचे आईबाप येतात आणि संध्याकाळी एकाच लोकलने सारे परततात. नेव्हिल डिसोझा १९८० साली वारले. त्यांच्या नावाचे फुटबॉल मैदान आज वांद्रे रेक्लमेशनवर आहे. ज्या मैदानावर ते घडले त्याला अजून पिपांचेच नाव आहे.